गाणं कुणी फोडलं?

गेल्या माघात कंपनीतल्या एका मैत्रिणीच्या भावाची हळद होती. रोह्याच्या पलीकडे, कुंडलिकेच्या काठच्या गावात. मांडवात शिरल्याबरोबर ओल्या हळदीचा, जनरेटरच्या डिझेलचा आणि ताज्या तोडलेल्या आंब्याच्या टहाळ्यांचा असा एक मिसळलेला वास आला. डीजेच्या पेट्या माणसाच्या डोक्याच्या वर रचलेल्या होत्या. छाती धडधडत होती ती माझी की पेट्यांची, कळत नव्हतं.

नवरदेवाच्या आजीने हात वर केला आणि डीजे बंद करायला लावला. धवला झाल्याशिवाय हळद लागणार नाही, म्हणाली. आगरी लग्नात धवले, म्हणजे विधींची जुनी गाणी, म्हणणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. आजकाल तिच्या वाट्याला दोन गाण्यांच्या मधली पाच मिनिटं येतात. डीजेवाला पोरगा कंटाळून मोबाईल बघायला लागला. बायका पाटाभोवती दाटीने बसल्या होत्या, त्यामुळे गाणारी दिसत नव्हती.

आवाज आला, आणि चेहरा दिसायच्या आधी मी तो ओळखला. किंचित चिरलेला, खाऱ्या वाऱ्यावर वाढलेला. वरच्या पट्टीत गेला की पातळ न होता उलट रुंद होणारा.

माझा हात आपोआप पर्सवर गेला आणि चेन लावलेली आहे ना ते बघून आला. हे आमच्या घरातलं वळण आहे. मन भरून आलं की आम्ही आधी खिसा चाचपतो.

*

माझे वडील, अण्णा, यांचं पेणच्या बाजारात कॅसेटचं दुकान होतं. गणपतीच्या कारखान्यांकडे वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी. नव्या कॅसेटला एक वास असायचा, प्लास्टिकचा, पण गोडसर. तो आता जगात कुठे येत असेल असं वाटत नाही. त्यात टेपचं हेड साफ करायच्या स्पिरिटचा वास, समोरच्या कारखान्यातल्या रंगाचा वास. आणि मूर्ती घासताना उडणारी प्लास्टरची पांढरी धूळ. ती रोज कॅसेटांवर बसायची आणि अण्णा पिवळ्या फडक्याने रोज ती पुसायचे. पावसाळ्यापूर्वीच्या त्या दिवसांत दुकानातले सगळे गायक पांढऱ्या केसांचे दिसायचे.

अण्णांचा जगातल्या कोणावरही विश्वास नव्हता. दाराच्या वर त्यांनी दाढीचा आरसा वाकडा टांगलेला होता. गल्ल्यावर बसून त्यात गिऱ्हाइकांचे हात दिसायचे. कोणी कॅसेट ऐकायला मागितली तर ते लावायचे, पण पहिला अंतरा संपला की बटण दाबून बंद करायचे. "पुढचं घरी जाऊन ऐका." त्यांचं म्हणणं होतं की माणसाने पुरं गाणं दुकानातच ऐकलं तर तो ते कानात घालून घेऊन जातो, विकत कशाला घेईल?

त्यामुळे मला आजही शेकडो गाणी पहिल्या अंतऱ्यापर्यंतच येतात. शाळेत भेंड्या लावताना मैत्रिणी हसायच्या. दुकानदाराची पोर, आणि एक गाणं धड शेवटापर्यंत नाही.

म्हणून असेल, पण शेवटापर्यंत वाजणारं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते उत्सवात.

कासूच्या पुढे खाडीकडच्या एका गावात माझी मावशी दिली होती. तिथे माघी गणपतीची मिरवणूक निघायची. भात काढून झालेल्या शेतांत वाल उभा असायचा, हवेत गारवा आणि शेंगा मडक्यात भाजायच्या पोपटीसाठी तोडलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा उग्र वास. तो वास नाकात गेला की आजही मला बेंजो ऐकू येतो. मी तेव्हा नुकतीच रोह्याच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये लागले होते, रोज पेणहून गाडीने जायची-यायची. माझा चुलतभाऊ संदीपदादा माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. त्याचं बाजारातच, आमच्यापासून चार दुकानं सोडून, कॉम्प्युटरचं दुकान होतं. जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशात नेहमी एक स्क्रू ड्रायव्हर. त्या वर्षी तो आणि मी मिळून अण्णांना ओढतच त्या मिरवणुकीला घेऊन गेलो.

हिराजीची बेंजो पार्टी त्या पंचक्रोशीत नावाजलेली होती. हातगाडीवर कर्णे, गाडीच्या बॅटऱ्या आणि जनरेटर. पिवळे शर्ट घातलेली पोरं ताशावर, ढोलकीवर. हिराजी स्वतः बेंजोवर. टाइपरायटरसारखी बटणं आणि त्यातून निघणारा तो झणझणीत, दातांत शिरणारा आवाज. आम्ही अशा पार्ट्या लहानपणापासून ऐकत आलो होतो. नाचायचं आणि विसरायचं, एवढंच त्यांचं.

मग गाडीच्या बाजूने चालणाऱ्या एका बाईने माईक तोंडाशी धरला.

सुगंधा ती. हिराजीची भावजय. एका हातात माईक, दुसरा हात गाडीच्या कडेला घट्ट. नऊवारीच्या खाली दिसणारी पावलं मिठागरात काम करणाऱ्यांची, टाचांना पांढऱ्या भेगा. नाचणारी पोरं आधी हसली, कारण बेंजोबरोबर बाई गात नाही. मग नाचायची थांबली. ऊन उतरत होतं, वालाच्या शेतांवर धूळ सोनेरी झाली होती, आणि ते गाणं संपतच नव्हतं. अंतऱ्यावर अंतरा येत होता. मी मनात सारखी बटणाची वाट बघत होते. आता बंद होईल, आता बंद होईल. कोणी बंद करत नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि कशाचं ते कळेना.

अण्णा शेवटपर्यंत हलले नाहीत. गाणं संपल्यावर पहिलं वाक्य बोलले ते असं: "ही चाल कुठनं उचललीय?"

"उचललेली नाय, काका," संदीपदादा म्हणाला.

"सगळं उचललेलं असतं."

हिराजी घाम पुसत आला. "भावजयीच्या आजीचा धवला हाय. आमी फकस्त बेंजोवर बसवला."

अण्णांनी त्याला तोच प्रश्न आणखी दोनदा, वेगळ्या शब्दांत विचारला. उत्तर बदलतंय का ते बघत होते.

*

त्याच सुमारास पेणमध्ये प्रत्येकाच्या हातात चायनाचा मोबाईल आला. मागच्या बाजूला मोठे स्पीकर असलेला. पाठोपाठ गल्लीगल्लीत पाट्या लागल्या, 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. इंटरनेटवरून फुकट उतरवलेली गाणी, नखाएवढ्या कार्डात हजारभर. संदीपदादाच्या दुकानावरही तशी पाटी होती. अण्णांच्या कॅसेटी गेल्या होत्या, सीड्या आल्या होत्या, आणि आता सीडीकडेही कोणी बघत नव्हतं.

दुपारी बाजार सुस्तावला की संदीपदादा चहा घेऊन आमच्या दुकानात यायचा, आणि काका-पुतण्याचा वाद सुरू व्हायचा. तो वाद मला एखाद्या आवडत्या गाण्यासारखा पाठ आहे.

"फुकट गाणं ऐकणारा माणूस उद्या फुकट भाजी मागेल," अण्णा म्हणायचे.

"भाजी दिली तर आपल्याकडनं जाते, काका. गाणं दिलं तर आपल्याकडे पण राहतं."

"म्हणून तर ती मोठी चोरी. मालकाला कळतच नाय की गेलं."

"ज्याला परवडत नाय त्याने ऐकायचंच नाय का?"

"रस्त्यात उभं राहून ऐकावं. मिरवणुकीत ऐकावं. समोर माणूस वाजवतोय, त्याचा घाम दिसतोय, त्याला टाळी द्यावी. चोरून कशाला?"

"आणि तुम्ही ब्लँक कॅसेट भरून देत होतात ते? पंधरा सिनेमांची पंधरा गाणी, गिऱ्हाइकाच्या पसंतीने?"

अण्णांचा कप बशीवर आदळायचा. "ते वेगळं! ते कष्टाचं काम होतं. एकेक गाणं बसून भरायला लागायचं."

"म्हणजे हळू केली तर चोरी नाय."

यावर दोघंही हसायचे. हेच मला आज खरं वाटत नाही. अण्णा हसायचे. संदीपदादासमोर त्यांना आरशाकडे बघायची गरज वाटायची नाही. त्याला ते गल्ल्याची किल्ली देऊन जेवायला घरी जायचे, जी त्यांनी मलाही कधी दिली नाही.

अशाच एका वादानंतर अण्णांनी जाहीर केलं की ते स्वतः सीडी काढणार. हिराजीच्या पार्टीची, सुगंधाच्या आवाजात. "बघू लोक खऱ्या गाण्याला किंमत देतात की नाय."

अलिबागच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, आत उकाडा आणि कोंदट कापसाचा वास. सुगंधाला काचेच्या खोलीत एकटीला उभं केलं आणि तिचा आवाज फुटेना. पाणी दिलं, लिंबू दिलं, काही होईना. हिराजी चिडायला लागला. तिचा डावा हात हवेत काहीतरी शोधत होता. ते संदीपदादाच्या लक्षात आलं. तो आत गेला आणि एक उंच लोखंडी स्टूल तिच्या बाजूला ठेवून आला. तिने त्याची कड पकडली, जशी गाडीची पकडायची, आणि गायली. काचेबाहेर आम्ही सगळे तोंड मिटून उभे. अण्णांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

कव्हर संदीपदादाने केलं. वर गणपती, खाली लाल अक्षरांत आमच्या दुकानाचं नाव, मधे 'हिराजी आणि पार्टी'. सीड्यांचे सीलबंद खोके आले ते तसेच घराच्या माळ्यावर चढवले. गौरीगणपतीच्या आधी आठवडाभर दुकानात ठेवायच्या, असं ठरलं. तोवर बाहेर कोणालाही ऐकवायचं नाही. मूळ सीडीच्या दोन प्रती. एक अण्णांच्या कपाटात कुलपात, एक सरावासाठी हिराजीच्या घरी, देव्हाऱ्यात.

*

गोकुळाष्टमीला मी कंपनीतून सुटून रोहा स्टेशनकडे चालले होते. दहीहंडीचा टेम्पो बाजारात अडकला होता, पोरं भिजलेली, रस्ताभर दही आणि चिखल. आणि टेम्पोवरून ते गाणं वाजत होतं.

आधी मला वाटलं, हिराजीची पार्टीच आलीय. मी आनंदाने पुढे घुसले. टेम्पोत पार्टी नव्हती. एक मोबाईल वायरने पेट्यांना जोडलेला होता. त्याच्या पडद्यावर नाव सरकत होतं, 'रोहा मिक्स', आणि पुढे कुठल्यातरी डीजेचं नाव.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. ते उठले आणि त्यांनी माळ्यावरच्या खोक्यांची सीलं बघितली, कपाटाचं कुलूप बघितलं. मग सीडी काढून खालून-वरून बघितली, जणू तिच्यावर कोणाच्या बोटांचे ठसे असतील. त्या क्षणापासून आमच्या घरातली हवा बदलली. आईने ताट वाढलं तर अण्णा विचारायचे, "आज कोण आलं होतं घरी?" मी फोनवर बोलले की त्यांची पावलं दाराशी थांबायची.

हिराजीला बोलावलं. त्याने आणलेल्या नारळावर हात ठेवून शपथ घेतली. "शेट, माज्याच पोटावर मी पाय देन काय?" त्याचे डोळे लाल झाले होते. अण्णांनी त्याला सोडलं. स्टुडिओवाल्याला फोन झाला, तोही सुटला.

उरला संदीपदादा. कव्हर करायला सीडी एक दुपारभर त्याच्याकडे होती. दुकानावर मेमरी कार्डाची पाटी होती. आणि वर्षभर तो म्हणतच होता की गाणं दिल्याने जात नाही.

ती दुपार मला सगळ्या वासांसकट आठवते. गणपतीची धांदल होती. समोर मूर्तींना डोळे काढत होते, रंगाचा वास दाटला होता. अण्णांनी त्याला बसायला सांगितलं नाही.

"तू फोडलंस गाणं?"

संदीपदादा हसायला गेला आणि थांबला. त्याला वाटलं असावं, हा रोजचाच वाद आहे.

"अण्णा, दादा असं करणार नाय," मी म्हणाले.

"तू मधे बोलू नकोस."

संदीपदादाने माझ्याकडे बघितलं. चष्म्याआडून, बराच वेळ. तो असा का बघतोय मला कळलं नाही. मग त्याने खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, पुन्हा ठेवला आणि म्हणाला, "तुम्हाला वाटतं ना काका, तर केलं मी."

"वाटतं काय? हो की नाय बोल!"

"आता मी काय बोललो तरी तुम्ही ते उलटूनपालटून बघणार."

तो गेला. निर्दोष माणूस असं बोलतो का, हा प्रश्न माझ्या मनात त्यानंतर कित्येक वर्षं येत राहिला. मी तो झटकायची, तो परत यायचा.

त्या गणपतीत ते गाणं पेणपासून रोह्यापर्यंत प्रत्येक मांडवात वाजलं. लोक आमच्या दुकानासमोर उभं राहून मोबाईलवर ते ऐकायचे आणि सीडी हातात घेऊन परत ठेवायचे. विसर्जनाच्या दिवशी मिरवणूक दुकानासमोर आली, तेच गाणं लागलं, आणि अण्णांनी भर बाजारात शटर खाली ओढलं. आत अंधारात आम्ही दोघं. पत्र्याच्या फटींतून गुलाल आत येत होता आणि सुगंधाचा आवाज.

सीड्या माळ्यावर पडून राहिल्या. पुढे आईने त्या मावशीला दिल्या. मावशीने वालाच्या शेतात दोऱ्याने टांगल्या, पाखरं येऊ नयेत म्हणून. मी एकदा गेले तेव्हा संपूर्ण शेत चकाकत होतं. वाऱ्याने फिरणाऱ्या सीड्या, आणि अजिबात आवाज नाही.

संदीपदादाने दुकान आवरलं आणि धरमतरच्या जेट्टीवर इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. दोन्ही घरांचं बोलणं थांबलं. आई आणि काकू भाजीबाजारात भेटायच्या, घाबरत, कोणी बघत नाही ना ते बघून. दादाच्या लग्नाची पत्रिका आली नाही. आमच्या दुकानात आधी मोबाईलची कव्हरं आली, मग रिचार्ज, मग काहीच नाही. आता तिथे केकचं दुकान आहे. काचेला रंगीत दिवे आहेत. गल्लीतून जाताना मी तिकडे बघत नाही; वास मात्र घेते, सवयीने. व्हॅनिलाचा येतो.

*

धवला संपला, पेट्या परत धडधडायला लागल्या. मी मांडवाच्या मागे गेले. सुगंधा एका उलट्या घमेल्यावर बसून चहा पीत होती. केस पांढरे झाले होते.

"सुगंधाताई?"

तिने डोळे बारीक केले. "तू पेनच्या दुकानवाल्यांची पोर ना गो?"

मी खाली बसले. इकडचं तिकडचं झालं. हिराजी वारला होता. पार्टी मोडली होती. बेंजो ऐकायला आता कोणी थांबत नाही, म्हणाली. मी म्हटलं, ते गाणं तेव्हा फुटलं नसतं तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं.

तिने बशी खाली ठेवली. "ता मीच देलता."

मला वाटलं, पेट्यांच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं.

"मीच देलता गो. रोह्याला माजा माहेर. सनाच्या आदी आयलेली. देव्हाऱ्यातली शीडी पदरान घालून आनली. दुकानान एक पोरगा व्हता कारड भरनारा. त्याला बोलली, गाना घे, पन वर माजा नाव लिव. सुगंधा लिव. लिवतो बोलला."

"आणि?"

"आनी सोताचा लिवला." ती हसली. त्या हसण्यात राग अजून ताजा होता.

"पण कशासाठी, ताई?"

"तुमचा छापलेला कागुद भावोजी घरा घेऊन आयलं. चवथी शिकलेली हाय मी, वाचता येते. गनपतीचा फोटू. दुकानाचा नाव. भावोजींचा नाव. खाली ज्यानी कागुद छापला त्या छापखान्याचा पन नाव. आवाज कोनाचा, ता नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "घरान बोलली असती तर बोलले असते, बाईमानसाला नाव कनाला? मना वाटला, मोबाईलवर नाव आयला की समदी बगतील. मंग कोनाला पुसता येनार नाय."

कव्हर डोळ्यांपुढे आलं. ते मी किती वेळा हातात घेतलं होतं.

"त्या चष्म्याच्या पोराचा काय झाला गो?" तिने विचारलं. "मना स्टूल देलता त्यानी."

मी सांगितलं. सगळं. ती ऐकताना तिचा डावा हात घमेल्याच्या कडेवर घट्ट झाला.

"माज्यापायी?" ती म्हणाली. "समद्यांना विचारला तुजे बापासनी. मना कोनी विचारलाच नाय. विचारला असता तर सांगितला असता गो."

ते खरं होतं. अण्णांनी स्टुडिओवाल्यापासून पुतण्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता. ज्या बाईचं ते गाणं होतं, ती संशय घ्यायलासुद्धा त्यांच्या लक्षात आली नव्हती.

*

पुढच्या सुट्टीला मी धरमतरला गेले. कोणाला न सांगता. खाडीला ओहोटी होती. चिखलाचा, माशांचा आणि कोळशाच्या धुळीचा वास. दूर मिठाचे ढीग पांढरे दिसत होते. बार्ज धक्क्याला लागल्या होत्या आणि त्यांच्या इंजिनांचा आवाज पाण्यातून पायांपर्यंत येत होता.

संदीपदादा गेटबाहेर आला. पोट सुटलेलं, डोक्यावर पिवळं हेल्मेट, चष्मा तोच जाड. खिशात टेस्टर.

"काका बरे हायत ना?" त्याने पहिलं हेच विचारलं.

टपरीवर बसून मी त्याला सुगंधाचं सांगितलं. तो ऐकत राहिला. मध्येच त्याने चष्मा काढला, तेव्हा त्याचे डोळे मला फार लहान आणि थकलेले वाटले.

"सुगंधाने दिलं," तो हळू म्हणाला. "म्हणजे तू नाय दिलंस?"

"मी?"

"तू रोज रोह्याला जायचीस, बाय. सीडीतलं गाणं मोबाईलमध्ये कसं घालायचं ते माझ्याकडनंच शिकून गेलीस. आणि पहिलं वाजलं ते रोह्यातच. बातमी पण तूच घेऊन आलीस. मला काय वाटणार?"

मी शिकले होते, खरं. तेच गाणं मला गाडीत ऐकायचं होतं. पण अण्णांनी सीडी कपाटाबाहेर काढलीच नाही, आणि मी ते विसरूनही गेले होते.

"मग त्या दिवशी अण्णांसमोर... म्हणून तू तसं बोललास?"

त्याने खांदे उडवले. "नाय म्हटलं असतं तर काकांनी पुढचा माणूस शोधला असता. पुढची तूच होतीस. तुझी नोकरी सुटली असती, घरात बसवलं असतं तुला. माझं काय, हातात कला होती."

"मला विचारायचंस तरी, दादा!"

"काय विचारायचं? तू खरं बोलली असतीस तरी मला नको होतं, आणि खोटं बोलली असतीस तरी."

समोर एक बार्ज हलली. मला त्याचा राग यावा की त्याच्या गळ्यात पडावं, कळत नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस मला चोर समजत होता. आणि इतकी वर्षं त्याने ती चोरी स्वतःच्या अंगावर घेतली होती. मी त्याच्यावर संशय घेत होते, तो माझ्यावर, आणि अण्णा सगळ्या जगावर. टपरीवाल्याने विचारलं, "ताई, चहा थंड झाला, दुसरा देऊ?" तेव्हा मला रडू फुटलं. संदीपदादा घाईघाईने म्हणाला, "धूळ हाय इकडे फार. कोळशाची."

त्या संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं. ते खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांचं वय झालंय, कान मात्र शाबूत आहेत.

"पढवली असेल तिला," ते म्हणाले.

"कोणी, अण्णा? कशासाठी? आता कोणाला काय मिळणार आहे?"

"पुरावा काय?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पदराला पुसत ती म्हणाली, "मी त्याला येत्या रविवारी जेवायला बोलावणार हाय. तुम्हाला बसायचं नसेल तर आतल्या खोलीत ताट देईन."

जरा वेळाने अण्णांनी विचारलं, "ती बाई... तिचं पुरं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. आईलाही नाही.

रविवारी सकाळपासून आई वालाचं बिरडं करत होती. सोललेल्या वालाचा कडसर वास घरभर झाला होता. अण्णा आतल्या खोलीत गेले नाहीत. धुतलेला शर्ट घालून पुढच्या खुर्चीत बसून राहिले, पेपर उलटा-सुलटा करत.

संदीपदादा दारात आला. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि तिथेच उभा राहिला. आत यायला त्याचा पाय उचलेना. अण्णांनी पेपर खाली घेतला. त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग त्याच्या हातांकडे, जसं ते गिऱ्हाइकांच्या हातांकडे बघायचे.

"चपला आत घे," अण्णा म्हणाले. "बाहेर ठेवलेल्या चोरीला जातात."

संदीपदादा वाकला, चपला उचलल्या, आणि आत आला.